फळ्यावरचा एक शब्द : अकरावीच्या वर्गातल्या ‘गोदो’चं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण तालुक्याच्या गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातलं आहे. वर्ग अकरावी कला, विषय मराठी, शिकवणारी मी. मुलांची नावं दिलेली नाहीत आणि घरं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. वर्गात काय घडलं आणि कोणत्या क्रमानं घडलं, त्याला मात्र हात लावलेला नाही.

आमचा पट्टा कापूस-सोयाबीनचा. पटावर पन्नासेक मुलं, रोजची हजेरी तिशी-पस्तिशीची. निम्म्याहून जास्त मुलं आजूबाजूच्या गावांतून एसटीनं येतात. संध्याकाळची गाडी चुकली की कुणाची तरी मोटारसायकल मिळेपर्यंत फाट्यावर उभी राहतात.

अकरावीच्या ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात नाटक हा साहित्यप्रकार अभ्यासाला आहे. उतारे शिकवून झाले की सत्राच्या शेवटी थोड्या तासिका उरतात. त्या मी प्रश्नोत्तरं लिहून घेण्यात घालवत असे. त्या वर्षी ठरवलं, आठ तासिका असंगत नाटकाला द्यायच्या. या मुलांनी पाहिलेलं नाटक म्हणजे स्नेहसंमेलनातली विनोदी नाटिका. ज्यात गोष्ट पुढं सरकत नाही, शेवट येत नाही, आणि तरी उठून जाववत नाही, असंही नाटक असतं हे त्यांनी अनुभवावं अशी माझी फार इच्छा होती. सॅम्युएल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ मी एम.ए.ला असताना वाचलं, त्या रात्री मला झोप लागली नव्हती. मुलांना देण्यासारखं माझ्यापाशी जे काही आहे, त्यात ते नाटक फार वरचं आहे असं मी मानत होते. आजही मानते.

आखणी अशी होती : पहिल्या दोन तासिका अस्तित्ववाद, पुढच्या चार बेकेट, शेवटच्या दोन अशीच नाटकं लिहिणारा युजीन आयनेस्को. निवडक प्रवेश मी स्वतः मराठीत उतरवले, हातानं लिहून काढले आणि झेरॉक्स करून वाटले.

पहिल्या दोन तासिकांत इतिहास सांगितला. जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स. १९४२ साली प्रसिद्ध झालेला, फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूचा ग्रीक पुराणकथेतल्या सिसिफसवरचा निबंध. ऑक्टोबर १९४५ मधलं ज्याँ-पॉल सार्त्रचं पॅरिसमधलं व्याख्यान, ज्यात त्यानं अस्तित्ववाद मांडला, म्हणजे माणूस आधी असतो आणि आपण कोण हे तो नंतर स्वतःच्या निवडींतून घडवतो. मग ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसच्या बाबिलोन नाट्यगृहात झालेला ‘गोदो’चा पहिला प्रयोग. सगळे सन बरोबर होते. मुलं लिहून घेत होती.

दुसऱ्या तासिकेच्या शेवटी मी दोन गोष्टी केल्या. काम्यूच्या निबंधाची सुरुवात सांगितली : जगणं जगण्याच्या लायकीचं आहे की नाही, हाच तत्त्वज्ञानातला एकमेव गंभीर प्रश्न आहे. त्यावर काम्यूनं काय उत्तर दिलं ते सांगायच्या आत घंटा झाली. आणि घंटा होता होता फळ्यावर लिहिलं : ‘ॲब्सर्ड = निरर्थक. असंगत नाट्य म्हणजे मानवी जीवनाची निरर्थकता दाखवणारे नाटक.’ परीक्षेत लिहिता येईल असं एखादं वाक्य मिळालं की वर्गाला हायसं वाटतं. मलाही वाटलं.

अडचण

तिसरी तासिका छान गेली. रस्ता, झाड, संध्याकाळ, आणि बूट काढण्याची खटपट करणारा एक माणूस. व्लादिमिरला नाटकात दिदी म्हणतात हे कळल्यावर हशा पिकला आणि पुढं सगळे त्याला दिदीच म्हणू लागले. दुसरा एस्ट्रॅगॉन, म्हणजे गोगो. दोघं गोदो नावाच्या कुणाची तरी वाट पाहतात. तो येत नाही. एक मुलगा येऊन निरोप देतो की आज नाही, उद्या नक्की. ‘फाट्यावरच्या गाडीसारखं,’ असं कुणीतरी मागून म्हणालं आणि मला वाटलं, पोचलं.

चौथ्या तासिकेला मी पहिल्या अंकातला झाडाखालचा संवाद घेतला. वेळ जात नाही म्हणून दिदी आणि गोगो तिथं मरणाची भाषा करून पाहतात. आधी कुणी, मग कुणी, यावर घासाघीस करतात आणि शेवटी काहीच न करणं बरं असं ठरवतात. बेकेटनं तो संवाद विनोदी लयीत लिहिला आहे. रंगमंचावर त्याला हमखास हशा येतो, म्हणूनच मी तो निवडला होता. वर्गातली दोन चुणचुणीत मुलं वाचायला उभी केली. त्यांनी तो असा काही रंगवला की वर्ग बाकं वाजवून हसला.

मुलींच्या रांगेत तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि न विचारता बाहेर गेली.

मी तिच्या मैत्रिणीला मागोमाग पाठवलं आणि तासिका पुढं चालू ठेवली. घंटेला दहा-बारा मिनिटं होती. ती दहा-बारा मिनिटं मी का थांबले नाही, याचं उत्तर मी नंतर पुष्कळ शोधलं. वर्ग रंगला होता, एवढंच ते उत्तर आहे.

शिक्षक-खोलीत वर्गशिक्षक सरांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी शेतातल्या झाडाखाली जीव दिला होता. प्रवेश अर्जात ‘वडील हयात नाहीत’ एवढीच नोंद होती, आणि तो अर्जही मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिचे मामा आले. आवाज चढवला नाही. प्राचार्यांच्या समोर बसून माझ्याकडं बघत म्हणाले, “मॅडम, दोन वर्षं झाली, आम्ही घरात तो विषय काढत नाही. तुम्ही नाटक म्हणून वाचता?”

समोरचे पर्याय

त्या दुपारी प्राचार्य, वर्गशिक्षक, इंग्रजीच्या मॅडम आणि मी असे चौघं बसलो. चार वाटा पुढं आल्या.

प्राचार्यांचं म्हणणं सरळ होतं. “मॅडम, हे अभ्यासक्रमाच्या बाहेरचं आहे. इथंच थांबवा. उद्या आणखी कुणी आलं तर आपल्याकडं उत्तर नाही.” हा पर्याय भित्रेपणाचा नव्हता. संस्थेची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर होती. पण थांबवलं तर मुलांच्या वहीत आणि मनात शेवटचं काय राहणार होतं? फळ्यावरचं ते वाक्य, अर्ध्यात सोडलेला काम्यूचा प्रश्न आणि झाडाखालचा हशा. ज्या मुलांना मी त्या जागी नेऊन सोडलं होतं, त्यांना तिथंच ठेवून परत फिरणं मला सगळ्यात वाईट वाटत होतं.

दुसरा पर्याय, तिला त्या तासिकांना ग्रंथालयात बसू द्यायचं आणि बाकीच्यांसाठी चालू ठेवायचं. कागदावर हा सगळ्यात सोयीचा होता आणि आमचा कलही तिकडंच होता.

तिसरा, बेकेट सोडून आपल्याकडचं काहीतरी घ्यायचं. वर्गशिक्षक सरांनी सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’चं नाव घेतलं. १९७४ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं केलेलं हे नाटक कीर्तनाच्या अंगानं जातं, आणि आमची मुलं कीर्तन रक्तात घेऊन आलेली असतात. दुसऱ्या कुठल्याही वर्षी मी आनंदानं हो म्हटलं असतं. पण त्यात मेलेला माणूसच स्वतःच्या मरणाचं आख्यान लावतो, आणि अंत्यविधीची थट्टा हा त्या नाटकाचा गाभा आहे. दोन वर्षांपूर्वी ज्या घरात तो विधी झाला, तिथल्या मुलीपुढं आता ते ठेवणं म्हणजे एका झाडाखालून उठून दुसऱ्या झाडाखाली बसणं.

चौथा पर्याय इंग्रजीच्या मॅडमनी सुचवला : काही दिवस थांबा, क्रम बदला, आणि काय करायचं हे ठरवायच्या आधी त्या मुलीशी बोला. आम्ही तासभर तिच्याविषयी बोलत होतो आणि तिला काय हवंय हे एकालाही ठाऊक नव्हतं.

प्राचार्यांनी मला दहा दिवस दिले. मामांना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की पुढं काय होईल ते आधी तुम्हाला कळवू.

काय केलं

मुलीशी बोलण्याआधी मी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं. फोन माझ्यासाठीच होता, कारण कसं विचारायचं हेच मला कळत नव्हतं. तिथं मला सांगितलं की आडून आडून विचारू नका. ‘मरणाचे विचार येतात का’ असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हे मला आधी माहीत असायला हवं होतं. अकरावी-बारावीला शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

मी तिला शिक्षक-खोलीत बोलावलं नाही. मधल्या सुट्टीनंतर मागच्या व्हरांड्यात आम्ही पायरीवर बसलो. आधी मी माफी मागितली. मग सरळ विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तसं काही मनात येत नाही. आलं होतं, त्या पहिल्या वर्षी, तेव्हा आजीपाशी झोपायची. आणि पुढं म्हणाली, “वाचलं त्याचं काही नाही मॅडम. सगळे हसले.”

ग्रंथालयात बसण्याचा पर्याय मी तिच्यापुढं ठेवला. तिनं लगेच मान हलवली. “मला बाहेर नका बसवू. मग सगळ्यांना कळेल.”

आम्हा चौघांना जो पर्याय सर्वांत सौम्य वाटत होता, तो तिच्यासाठी सर्वांत कठोर होता. तिच्या परवानगीनं मी तिच्या आईला आणि मामांना भेटून आले, टेली-मानसचा क्रमांक त्यांनाही दिला. दर आठवड्याला मी तिच्याशी दोन मिनिटं तरी बोलेन, असं आमच्यात ठरलं.

दहा दिवसांनी तासिका पुन्हा सुरू केल्या, पण उलट्या क्रमानं. आधी आयनेस्कोचं ‘द बाल्ड सोप्रानो’. हे नाटक कसं जन्मलं हे ऐकूनच वर्ग सावरून बसला. आयनेस्को इंग्रजी शिकण्यासाठी संभाषणाचं पुस्तक घेऊन बसला होता. त्यातली वाक्यं उतरवता उतरवता त्याला धक्का बसला की आठवड्याला सात दिवस असतात, छत वर असतं, जमीन खाली असते, अशी सत्यं माणसं एकमेकांना गंभीरपणे सांगत आहेत. त्यातून हे नाटक झालं, १९५० साली. आमच्या मुलांच्या दप्तरात तशीच पुस्तकं असतात. त्यांनी आपापल्या पुस्तकांतली वाक्यं आणली आणि नुसत्या त्या वाक्यांचा प्रवेश रचला. मग मार्टिन पती-पत्नींचा प्रवेश वाचला. दोघं अनोळखी म्हणून बोलायला लागतात आणि एकच गाडी, एकच रस्ता, एकच घर, असं जुळवत जुळवत आपण नवरा-बायको असल्याच्या निष्कर्षाला पोचतात. वर्ग मनमोकळा हसला. ती पण हसली. हसू कशाचं येतंय याकडं लक्ष द्यायला मुलं या दोन तासिकांत शिकली, आणि बेकेटच्या आधी ते व्हायलाच हवं होतं.

त्यानंतर मी फळ्यापाशी गेले आणि आधी लिहिलेलं वाक्य पुन्हा लिहिलं. मुलांना सांगितलं की हे चुकलंय, आणि माझं चुकलंय. ‘ॲब्सर्ड’चा मूळ लॅटिन शब्द गाण्यातला आहे. अर्थ, बेसूर. १९६१ साली या नाटकांवर पुस्तक लिहून त्यांना एक नाव देणाऱ्या मार्टिन एस्लिन या समीक्षकानंही हा मूळ अर्थ नोंदवला आहे. आमच्या वर्गात भजनाला बसणारी पाच-सहा मुलं होती. त्यांना विचारलं, पेटी काळी चारला आणि गळा पांढरी दोनला लागला तर काय होतं? “जुळत नाही.” मग पेटी वाईट की गळा वाईट? “दोन्ही चांगले. जुळत नाही, एवढंच.”

काम्यू हेच म्हणतो. माणूस जगाला अर्थ विचारतो, जग गप्प राहतं. असंगती या दोघांच्या मधल्या जागेत आहे. जग निरर्थक आहे किंवा माणूस निरर्थक आहे, हा त्याचा निष्कर्ष नाही. आपल्या मराठीत ‘असंगत’ हा नेमका शब्द असताना मी त्यावर ‘निरर्थक’ चढवला होता. आणि अर्ध्यात राहिलेलं काम्यूचं उत्तरही त्या दिवशी पूर्ण केलं : जगणं सोडून देणं हे त्याच्या लेखी उत्तरच नाही. जगाचं मौन डोळ्यांसमोर ठेवून जगत राहणं, हे त्याचं उत्तर. दगड पुन्हा पुन्हा वर ढकलणारा सिसिफस सुखी आहे अशी कल्पना केली पाहिजे, असं तो निबंधाच्या शेवटी म्हणतो. शिवाय काम्यूनं स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घ्यायला नकार दिला होता, आणि बेकेट-आयनेस्कोंनी मिळून कुठलाही पंथ काढला नव्हता. हे सगळं एका वाक्यात कोंबण्याची घाई माझी होती.

‘गोदो’ पुन्हा उघडण्याआधी एक गृहपाठ दिला : तुम्ही कशाची वाट पाहता, तीन ओळींत लिहा. नाव घातलं नाही तरी चालेल. वह्यांत आलं ते असं : पोलीस भरतीच्या जाहिरातीची. बहिणीच्या बाळंतपणाची. मोटारीला लाईट येण्याची, रात्री अडीच वाजता. काकूच्या फायलीची. दादाच्या फोनची. पावसाची, अशी पुष्कळांची. एकानं लिहिलं, ‘कुणी विचारावं याची.’

मग वर्गाला आधीच सांगितलं की या नाटकात दोघं मरणाविषयी बोलतात, त्याचा प्रयोग आपण करणार नाही. आपल्या गावांत या गोष्टीला काय किंमत मोजली जाते हे आपल्याला माहीत आहे. कुणाला बोलायचं असेल तर माझ्याशी किंवा १४४१६वर बोलावं. हे सगळ्यांना मिळून सांगितलं, कुणाकडं बघून नाही.

बेकेटचं आयुष्य मी पहिल्या वेळी गाळलं होतं. या वेळी तिथून सुरुवात केली. हा आयरिश माणूस पॅरिसमध्ये जर्मनांविरुद्धच्या भूमिगत गटात काम करत होता. १९४२ मध्ये फितुरी झाली, साथीदार पकडले गेले. तो आणि त्याची जोडीदार सुझान निसटले आणि दक्षिणेकडच्या रुसियाँ नावाच्या खेड्यात लपले. तिथं तो शेतात मजुरी करत युद्ध संपण्याची वाट पाहत राहिला. नाटकाच्या फ्रेंच पाठात त्या गावाचं नाव येतं. हे ऐकल्यावर एका मुलीनं विचारलं, “म्हणजे त्यानं खरंच वाट बघितली होती?”

आणि मग तो क्षण आला ज्याची मी तयारी केलीच नव्हती. भजनवाल्यांपैकी एक मुलगा उठला. “मॅडम, आपल्याकडं तर उलटंय. देवच अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे, वाट बघत.” पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, त्यानं वीट फेकली, देव तिच्यावर उभा राहिला तो अजून उभाच. वर्ग शांत झाला. दुसरा म्हणाला, “मग गोदो पण कुठंतरी उभा असेल. ह्यांचीच जागा चुकली असेल.” नाटकात खरोखरच दिदी-गोगोला शंका येते की हेच ते झाड का, हाच तो वार का.

तासिका तिथंच वळली. मी तुकोबांचा अभंग फळ्यावर लिहिला, ‘भेटीलागीं जीवा लागलीसे आस । पाहे रात्रंदिवस वाट तुझी’. त्यातलं ‘दिवाळीच्या मुळा लेकी आसावली’ समजावून सांगावं लागलं नाही. मुलींनीच मुलांना सांगितलं की मूळ म्हणजे माहेरचं बोलावणं, आणि माहेरचं माणूस येईपर्यंत सासुरवाशिणीचं दाराकडं कसं लक्ष असतं. मी विचारलं, तुकोबांचं वाट पाहणं आणि दिदीचं वाट पाहणं, फरक काय? बराच खल झाला. तुकोबांना कुणाची वाट पाहतोय ते ठाऊक आहे, रूप ठाऊक आहे. दिदी-गोगो वाटेनं आलेल्या पोझो नावाच्या माणसालाच गोदो समजतात, म्हणजे त्यांनी त्याला धड पाहिलेलंही नाही. नाटकाचं फ्रेंच नाव ‘आँ नातांदाँ गोदो’. मराठीत ते सहज बसतं : ‘गोदोची वाट पाहता पाहता’. मग ‘पाहता पाहता’ काय काय केलं ते शोधा, असं मी म्हटलं आणि मुलं झेरॉक्सवर तुटून पडली.

त्यांनी शोधलं : गाजर वाटून खाल्लं. भांडले, गळ्यात पडले. टोप्यांची अदलाबदल केली. दुसऱ्या अंकात आंधळा झालेला पोझो पडतो, मदतीला हाक मारतो, तेव्हा उठवायचं की नाही यावर दिदी लांबलचक बोलतो, म्हणतो की या घडीला, या जागी, सगळी मानवजात म्हणजे आपण दोघंच. ‘आणि बोलण्यात वेळ घालवतो,’ असंही एकानं बरोबर टिपलं. झाडाला दुसऱ्या अंकात चार-पाच पानं फुटलेली असतात, हे शोधणारी तीच मुलगी होती. मी काही म्हटलं नाही.

शेवटच्या तासिकेत अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन तुरुंगाची हकिकत सांगितली. १९५७ मध्ये सुमारे १,४०० कैद्यांपुढं हे नाटक झालं. नाटकात बाई नाही, हे ते निवडण्याचं एक कारण होतं. सुशिक्षित प्रेक्षकांना जे दुर्बोध वाटलं ते कैद्यांना तात्काळ समजलं. एक म्हणाला, गोदो म्हणजे समाज. दुसरा म्हणाला, बाहेरचं जग.

निष्पत्ती

घटक चाचणीत मी प्रश्न दिला, ‘दिदी आणि गोगो निघून का जात नाहीत?’ नऊ-दहा जणांनी ‘जीवन निरर्थक असल्यामुळे’ असंच लिहिलं. वहीत पहिल्यांदा उतरलेलं वाक्य खोडलं तरी पुसलं जात नाही. काहींनी काहीच लिहिलं नाही, त्यांना नाटक कंटाळवाणंच वाटलं होतं. चांगली उत्तरं बारा-तेरा होती.

तिच्या उत्तरातल्या ओळी तिच्या परवानगीनं देते : “गोगो झोपतो तेव्हा दिदी आपला कोट काढून त्याच्या अंगावर घालतो. मग त्याला स्वतःला थंडी वाजते म्हणून तो हात हलवत फेऱ्या मारतो. तेव्हा कोणी बघत नसतं. गोदो आला असता तरी त्याला हे कळलं नसतं.” हा प्रवेश मी वर्गात वाचलाही नव्हता, फक्त झेरॉक्समध्ये होता. चाळीस वेळा वाचूनही माझं लक्ष त्या फेऱ्यांकडं गेलं नव्हतं.

मामा पुन्हा आले नाहीत. प्राचार्यांनी पुढच्या वर्षी हा भाग घ्यायला परवानगी दिली, एका अटीवर : सत्राच्या सुरुवातीला पालकसभेत सांगायचं. ती अट मला योग्य वाटते. महाविद्यालयात समुपदेशक नव्हता, आजही नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा क्रमांक आणि १४४१६ मात्र सूचना फलकावर कायमचे लागले.

आज हे पुन्हा करायचं झालं तर

अस्तित्ववादाची व्याख्या पहिल्या दिवशी देणार नाही. नाटक आधी, सन-सनावळी नंतर, शब्द सगळ्यात शेवटी. वाट पाहण्याची वही पहिल्याच तासिकेला. काम्यूचा प्रश्न उत्तराशिवाय कधीही वर्गात सोडणार नाही, मग त्यासाठी एक अख्खी तासिका मोकळी ठेवावी लागली तरी चालेल.

मुलगी उठून गेली त्या क्षणी वाचन थांबवेन. मैत्रिणीला पाठवलं हे ठीक होतं, पण वर्गाला तिथंच पुस्तकं मिटायला सांगायला हवं होतं.

प्रत्येकाच्या घरची माहिती आधी गोळा करावी का, यावर आमच्यात मतभेद आहे. वर्गशिक्षक सर म्हणतात, करावी. मला ते पटत नाही. अर्जाच्या रकान्यात हे मावत नाही, आणि मुलांकडं त्या माहितीच्या चष्म्यातून बघायला लागलो तर ‘सगळ्यांना कळेल’ ही तिची भीती आपणच खरी करू. असं कुणीतरी वर्गात बसलेलं आहेच, हे गृहीत धरूनच प्रवेश निवडावा, असं माझं मत आहे. आमच्या भागात ते गृहीत धरण्यासाठी कुठल्याही माहितीची गरज नाही.

हे मत पक्कं व्हायला आणखी एक गोष्ट कारण झाली. झाडाखालचा संवाद वाचायला मी ज्या दोन मुलांना उभं केलं होतं, त्यातला गोगो झालेला मुलगा सगळ्यात जोरात हसत होता. मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, त्याच्या गावच्या एका शिक्षकाकडून मला कळलं की त्याच्या धाकट्या काकांनी त्याच पावसाळ्यात आत्महत्या केली होती. अशा शेतकरी कुटुंबाला सरकारकडून एक लाख रुपये मिळतात, पण आधी जिल्ह्याची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. त्याची काकू त्या निर्णयासाठी तहसीलच्या फेऱ्या मारत होती.

बाहेर गेलेल्या मुलीसाठी आम्ही चौघं बसलो, फोन केले, घरी गेलो. हसणाऱ्या मुलाला कुणी काही विचारलं नाही. मी त्या संध्याकाळी कपाटातून वह्या काढल्या. त्यानं नाव घातलं नव्हतं, पण अक्षर ओळखू आलं. तीन ओळी लिहायला सांगितल्या होत्या, त्यानं एकच लिहिली होती : काकूच्या फायलीची. तिच्याखाली माझ्या लाल शाईत बरोबरची खूण होती.